बटण कुठे गेलं?

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की बाबांचा क्रम ठरलेला असतो: आधी उदबत्ती, मग कॉम्प्युटर, मग चहा. त्या सोमवारी उदबत्ती लागली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण चहा तसाच निवत राहिला. मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन लिहीत बसले होते. बाहेरून बाबांची हाक आली, "अगं, माझं बटण कुठे गेलं?"

आमचं दुकान सिहोऱ्यात आहे. जबलपूरहून कटनीकडे निघालात की चाळीसेक किलोमीटरवर लागणारं हे तहसिलीचं गाव. झेरॉक्स, स्कॅनिंग, पासपोर्ट फोटो आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन फॉर्म, असं ते दुकान. समग्र आयडी, मूल निवासी दाखला, खसऱ्याची नक्कल, कॉलेजचा प्रवेश अर्ज. आसपासच्या खेड्यांतून माणसं बस धरून येतात, काउंटरवर कागदांची पिशवी ठेवतात आणि म्हणतात, "भैया, देख लो, क्या-क्या लगेगा." घरात आम्ही मराठी बोलतो, काउंटरवर हिंदी, आणि बाबा चिडले की दोन्ही एकदम.

त्या सोमवारी ते दोन्ही एकदम बोलत होते.

कारण मी होते. शनिवारी रात्री, कोणालाही न विचारता, दुकानातल्या त्यातल्या त्यात नव्या कॉम्प्युटरवर मी एका नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रीव्ह्यू आवृत्ती टाकली होती. कुठली, ते सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात चूक सिस्टिमची नव्हती, माझी होती. डाउनलोड करताना पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलं होतं की रोजच्या कामाच्या मशीनवर हे टाकू नका. मी इंग्रजी घेऊन बीए केलंय. ते वाक्य समजलं नाही असं म्हणायचीही सोय नाही.

प्रीव्ह्यू म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. तुम्ही फाइल उघडता, प्रिंट काढता, पेनड्राइव्ह लावता, तेव्हा कोणतं काम कोणाकडे धाडायचं हे तो ठरवतो. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, आणि तुमच्या हातातल्या फोनमधलं अँड्रॉइड किंवा आयओएस, हे सगळे कारभारीच. नवा कारभारी कायम करण्याआधी कंपनी त्याला काही महिने उमेदवारीवर ठेवते आणि लोकांना सांगते, वापरून बघा, खटकलं तर कळवा. ही उमेदवारीतली आवृत्ती म्हणजे प्रीव्ह्यू किंवा बीटा.

लग्नाच्या पंगतीआधी आचारी वाटीभर रस्सा काढून घरातल्या मोठ्यांना चाखायला देतो ना, तसंच हे. मीठ कमी असेल तर तेव्हाच सांगायचं. पण त्या वाटीभर रश्श्यावर सगळं वऱ्हाड जेवायला बसवायचं नसतं. मी नेमकं तेच केलं होतं.

दुपारपर्यंत बाबांनी जागा बदललेलं बटण शोधून काढलं होतं. कुरकुर करत का होईना, ते कामाला लागले होते. खरी अडचण तीन वाजता आली. एक मुलगी वडिलांबरोबर आली. कॉलेज प्रवेशाच्या अर्जाचा शेवटचा दिवस, बारावीची गुणपत्रिका स्कॅन करून जोडायची होती. आणि आमचा स्कॅनर त्या नव्या कारभाऱ्याला ओळखतच नव्हता. तार काढून लावली, मशीन बंद करून चालू केली, जुना ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिला. पडद्यावर एकच उत्तर: उपकरण सापडलं नाही.

दुसरा कॉम्प्युटर जुना, त्याच्यावर आधीच लोकांची रांग होती. फोनवर फोटो काढून पाहिला, पण त्यात सावली येत होती, अक्षरं पुसट दिसत होती. मुलगी काही बोलत नव्हती. वडील दर दहा मिनिटांनी विचारत होते, "दीदी, हो जाएगा ना?" शेवटी संध्याकाळी बाबा उठले, त्यांचे कागद पिशवीत भरले आणि स्वतः त्यांना घेऊन समोरच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत त्यांनी आपलं गिऱ्हाईक समोर नेऊन सोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिथेही गर्दी होती. अर्ज भरला गेला तेव्हा नऊ वाजून गेले होते. गावाकडची शेवटची बस गेली होती, म्हणून बाबांनी दोघांना स्कूटरवर घरी पोचवलं.

परत आल्यावर ते मला रागावले नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, "तुझा प्रयोग होता, तिचं वर्ष होतं."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यानंतर मी नव्या सिस्टिम्सच्या पहिल्यावहिल्या प्रतिक्रियांबद्दल बरंच वाचलं. तेव्हा लक्षात आलं की 'बटण कुठे गेलं' हा फक्त सिहोऱ्याचा प्रश्न नाही.

आणखी एक बाबा, २०१२

१३ सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ ची पहिली प्रीव्ह्यू आवृत्ती बाहेर काढली. ती मुख्यतः सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी होती, तरी पहिल्या १२ तासांत ती ५ लाख वेळा डाउनलोड झाली. मग २९ फेब्रुवारी २०१२ ला सर्वसामान्य लोकांसाठीची प्रीव्ह्यू आली. पहिल्याच दिवशी १० लाख डाउनलोड. लोकांनी उत्साहाने ती उघडली, आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब!

हे बटण विंडोज ९५ बरोबर, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये आलं होतं. तेव्हापासून जगभरातले लोक कॉम्प्युटर शिकले ते तिथूनच. आमच्याकडेही संगणक वर्गात पहिला धडा हाच: खाली डाव्या कोपऱ्यात जा, क्लिक करा. विंडोज ८ मध्ये त्याऐवजी रंगीत चौकोनांचं अख्खं पान उघडायचं, ते मुख्यतः बोटाने वापरायच्या टॅबलेटचा विचार करून केलेलं. माउस वापरणाऱ्याने पडद्याच्या कोपऱ्यात टोक न्यायचं, मग लपलेले पर्याय बाहेर यायचे. कॉम्प्युटर बंद कसा करायचा, हेही लोकांना शोधावं लागत होतं.

त्याच मार्चमध्ये क्रिस पिरिलो या अमेरिकी तंत्रज्ञान भाष्यकाराने एक साधा व्हिडिओ केला. त्याने आपल्या वडिलांना विंडोज ८ समोर बसवलं आणि काही न शिकवता वापरायला सांगितलं. वडील डेस्कटॉपवर गेले आणि तिथून सुरुवातीच्या पानावर परत कसं यायचं, ते त्यांना सापडेना. ते इकडे क्लिक करतात, तिकडे करतात, मुलाला विचारतात. बस, एवढंच. तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मी तो पाहिला तेव्हा हसू आलं नाही, कारण खुर्चीत मला माझेच बाबा दिसत होते.

असं का झालं? कंपनीने विचार केलाच नव्हता असं नाही. विंडोज विभागाचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफस्की यांच्या चमूने ऑक्टोबर २०११ मध्ये लांबलचक लेख लिहून कारणं दिली होती. त्यात एक आकडा होता: व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेन्यूचा वापर ११ टक्क्यांनी घटला होता. लोक नेहमीची कामं खालच्या पट्टीवर लावून ठेवत होते, मेन्यू कमी उघडत होते. आकडा खरा होता. पण त्यावरून काढलेला अर्थ लोकांना पटला नाही. देवघरातला दिवा आपण दिवसातून दोनदाच लावतो, म्हणून कोणी देवघर हलवत नाही. काही गोष्टी आपण कमी वेळा वापरतो, पण त्या तिथे आहेत यावर सगळं घर उभं असतं.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आली ती बटणाशिवायच. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण परत आलं, पण ते दाबलं की तेच चौकोनांचं पान. खरा मेन्यू परत यायला २९ जुलै २०१५ उजाडलं, विंडोज १० बरोबर. लोकांनी प्रीव्ह्यूत सांगितलेली गोष्ट कंपनीपर्यंत पोचायला तीन वर्षं लागली.

पैसे देऊन चाखलेला रस्सा

पहिल्या प्रतिक्रियेने लगेच काम झाल्याचं उदाहरणही आहे, आणि तेही गमतीदार. सप्टेंबर २००० मध्ये ॲपलने मॅक ओएस टेन ची सार्वजनिक बीटा आवृत्ती काढली. फुकट नाही, २९.९५ डॉलरला! अर्धवट तयार झालेली सिस्टिम लोकांनी पैसे मोजून घेतली. त्यात वरच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं असणारा ॲपलचा मेन्यू नव्हता. सफरचंदाचं चित्र पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं आणि त्यावर क्लिक केलं तर काहीच होत नव्हतं, नुसती शोभा. लोकांनी आरडाओरडा केला. २४ मार्च २००१ ला पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद आपल्या कोपऱ्यात परत आलं होतं आणि कामाला लागलं होतं.

म्हणजे तक्रार एकच: आमची जागा हलवू नका. एका ठिकाणी ती सहा महिन्यांत ऐकली गेली, दुसरीकडे तीन वर्षांनी.

विंडोज ८ चा धडा घेऊन मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज १० ची प्रीव्ह्यू आणली तेव्हा 'इनसायडर' नावाची योजनाच सुरू केली. कोणीही नाव नोंदवा, वापरा, आतूनच तक्रार पाठवा. दोन आठवड्यांत १० लाख लोकांनी नाव नोंदवलं आणि २ लाखांहून जास्त सूचना आल्या. त्यातल्या कित्येक अगदी बारीक होत्या, जसं की खालच्या पट्टीवरची शोधायची खूण लपवता यावी. महिन्या-दीड महिन्यात ती सोय आलीसुद्धा.

सवय मोडली की काम अडलं?

इथे मला एक फरक कळला, आणि हा लेख लिहायचं कारण तोच आहे. नवं काही दिसलं की आपल्या तोंडून दोन प्रकारच्या तक्रारी निघतात. एक, सवय मोडली. दुसरी, काम अडलं. आवाज दोन्हींचा सारखाच मोठा असतो, पण औषध वेगळं.

विंडोज ११ चं बघा. २४ जून २०२१ ला घोषणा झाली, २८ जूनला पहिली प्रीव्ह्यू आली आणि ५ ऑक्टोबरला पक्की आवृत्ती. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त चर्चा कशाची झाली? स्टार्ट बटण डावीकडून मधोमध आलं याची. पण ही सवयीची तक्रार. सेटिंग्जमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे नेता येतं, दोन मिनिटांचं काम. ज्यांनी नेलं नाही त्यांचंही महिन्याभरात बोट तिकडे वळायला लागलं.

त्याच वेळी काही लोक वेगळंच सांगत होते. एखादी फाइल ओढून खालच्या पट्टीवरच्या प्रोग्रामवर नेली की तो उघडायचा आणि फाइल त्यात टाकता यायची. ते नव्या आवृत्तीत बंद झालं होतं. खालच्या पट्टीवर प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसायचं, तेही गेलं होतं. आमच्या दुकानासारख्या ठिकाणी एका वेळी दहा-बारा फॉर्म उघडे असतात. कुठला कोणाचा हे नावावरूनच कळतं. ही कामाची तक्रार. लोकांनी ती चिकाटीने लावून धरली. फाइल ओढायची सोय २०२२ मध्ये परत आली, नावं २०२३ मध्ये.

सर्वांत मोठी अडचण तर उंबरठ्यावरच होती. विंडोज ११ ला कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपला कॉम्प्युटर चालेल का हे तपासायला कंपनीने एक छोटं ॲप दिलं होतं. ते 'चालणार नाही' एवढंच सांगायचं, का नाही ते सांगायचं नाही. लोक इतके वैतागले की काही दिवसांतच ते ॲप मागे घ्यावं लागलं आणि सप्टेंबरमध्ये कारणासकट उत्तर देणारं नवं आलं.

तिसऱ्या प्रकारची तक्रारही असते, ती दुर्मीळ आणि सर्वांत मोलाची: हे धोक्याचं आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. कॉम्प्युटर थोड्या थोड्या वेळाने पडद्याचे फोटो काढून ठेवणार, म्हणजे नंतर तुम्हाला काहीही शोधता येईल. सुरक्षेच्या जाणकारांनी लगेच विचारलं, हे फोटो दुसऱ्या कोणाच्या हाती लागले तर? जूनमध्ये कंपनीने ती सोय आपोआप सुरू होणार नाही असं ठरवलं आणि ती लोकांना देणंही पुढे ढकललं. सर्वसाधारण वापरासाठी ती एप्रिल २०२५ मध्ये आली. विचार करा, आमच्या दुकानातल्या पडद्यावर दिवसभर लोकांची आधार कार्डं आणि बँकेची पासबुकं असतात. वेळेवर घेतलेल्या त्या हरकतीचा फायदा सिहोऱ्यातल्या माणसालाही झाला.

ॲ कुठे गेला?

आता जरा आपल्या घरचं. विंडोज ८ च्या प्रीव्ह्यूत सगळं जग बटणावरून भांडत होतं, तेव्हा त्याच सिस्टिममध्ये भारतीय लिपींसाठी 'निर्मला यूआय' नावाचा नवा फाँट आला होता. पडद्यावर देवनागरी वाचणं त्याने सोपं केलं. त्याच्याबद्दल फारसं कोणी बोललंच नाही. बटण गेल्याचं दुःख मोठं, अक्षर सुधारल्याचा आनंद मुका.

आणि आपला 'ॲ'? ॲप, ॲसिडिटी, ॲडमिशन, रोज दहा वेळा लागणारं अक्षर. हिंदीत त्यासाठी 'ऐ' किंवा 'ऍ' चालवून घेतात, पण 'अ' वर चंद्र ही मराठीची रीत. जगभरच्या लिपींना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या यूनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी 'अ' लिहून त्यावर वेगळा चंद्र चढवावा लागायचा, आणि कित्येक मशीनवर तो चंद्र 'अ' सोडून शेजारच्या ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायचा. २००८ नंतरही जुन्या मशीनवर या अक्षराच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसायचा. आजीला पुण्याहून आत्याची ईमेल यायची तेव्हा ती मला विचारायची, "ही मधे मधे खिडक्या का काढते?"

हे अक्षर आपोआप आलं नाही. मराठीला ते हवं आहे असं कोणीतरी मांडलं, म्हणून आलं. प्रीव्ह्यूच्या काळात आपण गप्प राहतो आणि पक्की आवृत्ती आल्यावर घरात बसून चरफडतो. 'दुसऱ्या' मधला र नीट जोडला जातो का, मराठी कीबोर्डवर 'ळ' चटकन सापडतो का, हे अमेरिकेतला परीक्षक तपासणार नाही. ते आपणच सांगायला हवं. विंडोजमध्ये विंडोजची खूण असलेली कळ आणि एफ एकत्र दाबलं की तक्रार पाठवायची जागा उघडते. सूचना साध्या भाषेत लिहिली तरी चालते.

आपल्याकडच्या सिस्टिमबद्दलही हेच. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय सिस्टिम २००७ मध्ये आणली. तिच्यात मराठीसकट अनेक भारतीय भाषांची सोय आहे. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आधाराने उभ्या राहिलेल्या एका कंपनीने 'भारओएस' ही फोनसाठीची सिस्टिम दाखवली. तेव्हा माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज फिरत होते: 'आता सगळ्यांची सुट्टी' किंवा 'यात नवं काय आहे'. दोन्ही पाठवणाऱ्यांनी ती सिस्टिम हातात धरलेली नव्हती. न वापरता दिलेला कौल म्हणजे अभिप्राय नव्हे. तो नुसता कल झाला.

बाबांची वही

त्या सोमवारनंतर मी त्या मशीनवर जुनी सिस्टिम परत टाकली. अख्खी रात्र गेली, आणि बॅकअप घेतला नव्हता म्हणून दोन वर्षांची बिलं गेली ती गेलीच. बाबांनी मात्र एक नवी वही केली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. कॉम्प्युटर अडला की ते त्यात तीन गोष्टी लिहितात: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. 'खसरा प्रिंट करत होतो. एक पान यायला हवं. दोन आली, दुसरं कोरं.'

मी हसले होते ती वही पाहून. नंतर कळलं, सॉफ्टवेअर तपासणारे व्यावसायिक परीक्षकही तक्रार याच तीन ओळींत लिहितात. 'बकवास आहे' या शेऱ्यावर कोणी काही दुरुस्त करू शकत नाही. 'दुसरं पान कोरं येतं' यावर करू शकतं.

आता प्रश्न आला आहे तो आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतात. आमचं ते मशीन विंडोज ११ च्या उंबरठ्यावरच अडतं. ते भंगारात द्यायचं का? या वेळी मी बाबांना आधी विचारलं. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतात, मशीनमधल्या कशालाही हात न लावता. एका रविवारी, दुकान बंद असताना, आम्ही तसं केलं. बाबा वही घेऊन बसले. प्रिंटर चालला. स्कॅनर चालला. फिंगरप्रिंटचं यंत्र चाललं नाही. बाबांनी लिहिलं, आणि ठरवलं: टायपिंग आणि प्रिंट या मशीनवर, अंगठ्याचं काम नव्यावर.

सुरुवातीचं बटण तिथेही वेगळं होतं. बाबांनी ते वहीत लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते शोधता येतं गं."

तुम्हीही करून बघणार असाल तर

प्रीव्ह्यू कॉम्प्युटरची असो की फोनची बीटा असो, एवढं सांभाळा.

घरातलं एकुलतं एक मशीन किंवा तुमचा रोजचा फोन प्रयोगाला घेऊ नका. यूपीआय आणि बँकेची ॲप्स बीटावर अडू शकतात.

आधी फोटो, कागदपत्रं, हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि ती प्रत उघडते का तेही बघा.

परतीची वाट आधी विचारा. बीटा सोडून जुन्या आवृत्तीवर येताना पुष्कळदा फोन पूर्ण पुसला जातो.

परीक्षा, प्रवेश, आयकर यांच्या शेवटच्या तारखा जवळ असतील तर थांबा.

नवं खटकलं तर दोन आठवडे वापरा. तरीही खटकत असेल तर ती सवयीची नाही, कामाची तक्रार आहे. मग ती बाबांच्या तीन ओळींत लिहून पाठवा.

आणि घरात आई-बाबा, आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा त्या नव्या पडद्यासमोर बसवा, काही न सांगता. ते कुठे अडतात ते बघा. त्यांना शिकवायची घाई करू नका.

ती मुलगी परवा दुकानात आली होती, पहिल्या वर्षाच्या निकालाची प्रिंट काढायला. मी स्कॅनरकडे बघितलं, तिनेही बघितलं, आणि दोघी हसलो. बाबांनी प्रिंट काढली. एकच पान आलं. तरी त्यांनी ते उलटून पाहिलं, आणि मगच तिच्या हातात दिलं.